गोडलिंबाचं वाण

भावाला फोन करून बगिच्याची चौकशी केली की एकच उत्तर यायचं, "झिंक कमी पडून राहिलं बाई, बाकी काई नाई." संत्र्याची पानं पिवळी पडली, झिंक. फळ बारीक राहिलं, झिंक. अख्खी फांदी वाळली, तरी झिंक. उद्या घरावरचे पत्रे उडाले असते तर त्यानं पत्र्यांवरही झिंकच फवारलं असतं. मी शहरात, मनीषनगरात राहते, नवऱ्याचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे, आणि तुला शेतीतलं काय कळतं हे भावानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी फोनवर वाद घालत नसे. फोन ठेवला की राग नवऱ्यावर निघायचा. तो बिचारा मुकाट्यानं जेवायचा.

आमचा बगीचा काटोल रस्त्याला, गावाला अगदी लागून आहे. आमच्याकडे नुसतं बगीचा म्हटलं की तो संत्र्याचाच. वडिलांनी लावला, भावानं वाढवला आणि त्याचे गुडघे गेल्यापासून वहिनी सांभाळते. ओलित म्हणजे पाणी देणं, फवारणी, तोडणी, मजूर बायांना बोलावणं, त्यांची भांडणं मिटवणं, सगळं ती. भाऊ ओसरीवर खाट टाकून सल्ले देतो. मुलं पुण्याला गेली, ती काही परत यायची नाहीत. वहिनी सकाळी चहा घेतला की बगिच्यात जाते आणि उन्हं चढली तरी तिला हाका माराव्या लागतात. तिचं जगणं त्या झाडांत आहे असं मी म्हटलं तर ती मला हसेल, पण तसंच आहे. म्हणून मला त्या पिवळ्या पानांची जास्त धास्ती वाटायची. झाडं गेली तर ही बाई दिवसभर करणार काय, भावाचे सल्ले ऐकत बसणार?

दर वर्षी दिवाळीनंतर घरची संत्री आली की मी एक पेटी दुकानात नेते आणि गल्लीतल्या दुकानदारांना वाटते. "हमारे घर का है" म्हणताना मान जरा ताठच होते. त्या वर्षी पेटी उघडली तर फळं वाकडीतिकडी, एका बाजूनं फुगलेली, बुडाशी हिरवीच राहिलेली. म्हटलं, दिसायला काय, चवीला असतील बरी. शेजारच्या साड्यांच्या दुकानातले शेठजी वयस्कर, संत्र्यांचे दर्दी. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, चावली, आणि उरलेलं संत्रं हळूच कागदात गुंडाळून गल्ल्याच्या मागे सरकवलं. "बढिया है भाभीजी," म्हणाले. मी दुकानात परत आले आणि एक सोलून खाल्लं. कडवट होतं.

संध्याकाळी भावाला फोन केला. म्हणाला, "झिंक..." तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "दादा, आता झिंक म्हटलंस तर मी राखी बांधणार नाही." तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

मग मीच ओळखीपाळखीतून एका तरुण शास्त्रज्ञाला गाठलं. तो लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांवर काम करतो. संक्रांत होऊन गेली होती, झाडांना नवती फुटली होती. नवती म्हणजे कोवळी पालवी. तो म्हणाला, बघायला हाच काळ बरा. त्याला गाडीत घालून गावी नेलं. भावानं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "अवं, हे त पोट्टं हाये." मी म्हटलं, "तुला म्हातारा हवा असेल तर घरात आहेच की एक."

शास्त्रज्ञानं एक पान तोडलं, मधल्या शिरेवर दुमडलं आणि भावापुढे धरलं. झिंक कमी पडलं तर पान दोन्ही बाजूंनी सारखं पिवळं पडतं, म्हणाला. इथे बघा, एका अर्ध्यावरचा डाग दुसऱ्या अर्ध्याशी जुळत नाही. भावानं पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मंग झिंकच एका बाजूनं कमी पडलं असन." मी कपाळाला हात लावला.

शास्त्रज्ञानं शांतपणे सगळं समजावलं. पानं तपासून पक्कं सांगेन, पण हा बहुतेक ग्रीनिंग नावाचा रोग आहे. जिवाणूचा. तो झाडाच्या शिरांतून फिरतो आणि झाड आतून मारतो. औषध नाही. रोगी झाड काढायचं आणि रोग पसरवणारी कीड आवरायची, एवढंच माणसाच्या हातात. मग त्यानं नवतीवर बसलेली कीड दाखवली. तिळाएवढी, करडी, डोकं पानाला टेकवून बूड वर केलेलं. तिचं नाव सायला.

"काय म्हणले? साला?" भाऊ.

"सायला."

"सालाच हाये मंग," भाऊ म्हणाला. त्या दिवसात मला त्याचं पटलेलं एवढं एकच वाक्य.

वहिनी चहा घेऊन आली. शास्त्रज्ञानं बशीत चहा ओतता ओतता सहज विचारलं, "गावात दुसरा कोणता वाण आहे का?" त्याला संत्र्या-लिंबाची जात विचारायची होती. जातीला शेतकी माणसं वाण म्हणतात. वहिनीनं पदर सावरला. वाण म्हटल्यावर तिच्या डोक्यात संक्रांतच आली. ती मोठ्या आनंदानं म्हणाली, "वाण ना? अख्ख्या गावात गोडलिंब हाये साहेब. मीच देलं."

त्यानं बशी खाली ठेवली.

गोडलिंब म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला कढीपत्ता म्हणतात तो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींना काहीतरी वस्तू द्यायची, ते वाण. दर वर्षी तेच प्लास्टिकचे डबे नि चाळण्या बघून वहिनीला वीट आला होता. आमच्या आईनं मागच्या आंगणात लावलेल्या गोडलिंबाखाली रोपं उगवायची. एके वर्षी वहिनीनं ती दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरली, जगवली आणि प्रत्येकीच्या ओटीत एकेक पिशवी दिली. गावभर कौतुक झालं. भाषणांतून तिचं नाव घेतलं गेलं, "हिरवं वाण" म्हणून. मीसुद्धा दुकानात बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. त्या रोपांची आता डोक्याच्या वर गेलेली झाडं झाली होती, घरोघरी, आणि आमचं गाव तर बगिच्यांनीच वेढलेलं.

शास्त्रज्ञ म्हणाला, या किडीला संत्र्याइतकाच गोडलिंब आवडतो. तुम्ही बायका फोडणीसाठी सारख्या फांद्या तोडता, त्यामुळे त्याला बारा महिने कोवळी पालवी. कीड तिथे अंडी घालते, वाढते. तुम्ही बगिच्यात औषध मारलं की ती गावात जाते, औषधाचा जोर ओसरला की परत येते. "बगिच्याच्या जवळ तरी गोडलिंब नको," म्हणाला.

वहिनी पदराच्या टोकाच्या चुण्या घालत बसली. भाऊ मात्र बोलला. त्याला तोंड उघडायला नेमकी तीच वेळ सापडली. "म्हंजे झिंकच्या आंधी हे तुह्यं वाण नडलं होय." मला त्याला खाटेसकट उचलून विहिरीपाशी ठेवून यावंसं वाटलं.

तपासणीत ग्रीनिंगच निघालं. धुऱ्याकडच्या, म्हणजे शेताच्या बांधाकडच्या ओळीतली झाडं काढायची ठरली. वडिलांच्या हातची होती ती. मशीन आलं, झाडं मुळासकट उचलली, वाफ्यांत खड्डे राहिले. वहिनी रडेल असं वाटलं होतं. तिनं मजुरांना चहा दिला, घरी आली, सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि आईनं लावलेला मागच्या आंगणातला गोडलिंब स्वतः खणायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, माणूस लावा ना कोणी." म्हणाली, "बाई, माह्यं मी करतो. आंधी माह्यं निंगू द्या, मंग लोकायच्या दारात जाता येईन."

आणि आम्ही लोकांच्या दारात गेलो. त्या दिवसांची आठवण झाली तरी अजून माझं डोकं तापतं. मी दर रविवारी मनीषनगरातून निघायचे, शहर पार करून गावी जायचे आणि संध्याकाळी तोंड कडू करून परत यायचे. पहिल्या घरची म्हणाली, "वाण देऊन वापस घेते का वं कोणी?" दुसरी म्हणाली, हिरवं झाड, त्यातून सवाष्णीचं वाण, उपटलं आणि घरात काही झालं तर? तिसरीनं विचारलं, माझ्या शेजारणीनं उपटला का? तिनं उपटला की मी उपटते. शेजारणीनं तिच्या शेजारणीकडे बोट दाखवलं. बापे, म्हणजे पुरुष मंडळी, तर त्यांच्याही वर. ज्यांचे बगीचे होते तेही म्हणायचे, "आमच्यात अजून आला नाई ना, आला का पाहू." एकानं तर आमच्याच ओसरीवर येऊन मला समजावलं की असा रोग फक्त माणसांना होतो, झाडांना झिंक लागतं. मी भावाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

मी सगळ्यांना समजावून थकले. पानं दुमडून दाखवली, कीड दाखवली, आमच्या बगिच्यातले खड्डे दाखवले. लोक ऐकायचे, "हो का, बाप्पा!" म्हणायचे, आणि जाताना मलाच मूठभर गोडलिंब तोडून द्यायचे. घ्या, शहरात असा वास नाही मिळत. एकदा तो मी रस्त्यातच फेकला आणि मग घरी जाऊन फोडणीला काही नाही म्हणून नवऱ्याशी भांडले.

वाट वहिनीनंच काढली. म्हणाली, वाण परत मागितलं तर कोणी देणार नाही, पण वाणावर वाण दिलं तर? मला दुकानातून ब्लाउजपीस आणायला सांगितले. रथसप्तमी उलटून गेलेली, हळदीकुंकवाचे दिवस संपलेले. पहिल्याच घरी प्रश्न, "बिगर संक्रांतीचं कोणतं वाण वं हे?" वहिनी म्हणाली, "गोडलिंबाचं राहिलेलं." आणि कुंकू लावून ब्लाउजपीस पुढे केला. बाईनं तो उजेडात धरून पाहिला. "मोरपंखी नाई का?" पिशवीत मोरपंखीही होता. बाईनं मुलाला हाक मारली, मुलानं कुदळ आणली आणि गोडलिंब निघाला.

त्या उग्र वासाच्या झाडानं मला शास्त्रज्ञापेक्षा जास्त शिकवलं असं काही मी म्हणणार नाही. राग आला, एवढंच सांगते. रोग, जिवाणू, पोटापाण्याचे बगीचे, यानं जे झालं नाही ते मोरपंखी ब्लाउजपीसनं झालं. कोणाला लाल नको, कोणाला काठ हवा. मी गांधीबागेतून गठ्ठे आणत राहिले, वहिनी दारोदार कुंकू लावत राहिली आणि एकेका घरचा गोडलिंब जात राहिला. होळीच्या सुमारास गाव बरंचसं मोकळं झालं.

फक्त एक राहिला. आणि तोच सगळ्यात उंच, बरोब्बर आमच्या धुऱ्यावर.

आमच्या बांधाला लागून एका बाईचं घर आहे. गाव तिला धुऱ्यावरची म्हणतं. ती आणि वहिनी एकाच लगीनसराईत या गावात सुना म्हणून आल्या, एकमेकींची बाळंतपणं निभावली. तिचा नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. तिचा गोडलिंब आम्ही काढलेल्या रोगी ओळीच्या अगदी समोर. नवतीवर सायला इतका की फांदी हलवली की उडायचा. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, आधी तो काढा. वहिनी टाळायची. पुढच्या रविवारी, म्हणायची. असे रविवार गेले आणि आतल्या ओळीतल्या एका झाडावर तेच न जुळणारं पान दिसलं. तेव्हा मात्र मी तिच्यावर ओरडले. पहिल्यांदाच. म्हटलं, "सगळं गाव पालथं घातलं आणि उंबऱ्याशी आहे तो तसाच! बगीचा वाचवायचा आहे की नाही तुम्हाला?"

वहिनी पाटावर बसली होती. हळू आवाजात म्हणाली, "बाई, तिले मी हळदीकुंकवाले बोलावलं नव्हतं. कसं बोलावू, तिचा मालक गेला होता. एक रोप उरलं होतं, ते अंधारलं तशी मागच्या दारानं नेऊन देलं. लय रडली होती. आता मी कोणतं तोंड घेऊन मागू? अन् बदल्यात देऊ काय? तिले ब्लाउजपीस कसा देऊ, कुंकू कसं लावू?"

मी आणखीच चिडले. पिशवीत उरलेले ब्लाउजपीस होते. ती पिशवी तशीच उचलली आणि धुरा ओलांडून तिच्या घरी गेले. समोरच्या दारानं.

ती तुरी पाखडत होती. मला बघून सूप थांबवलं, पण उठली नाही. मी किडीबद्दल बोलायला सुरुवात केली. जिवाणू, सायला, आमचे खड्डे, सगळं पाठ झालेलं होतं. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मले मालूम हाये सगळं. अख्ख्या गावात चर्चा हाये. तुमी सगळ्यायच्या घरी गेल्या. माह्याकडंच काहून नाई आल्या? माह्यं वाण वाण नव्हतं का?"

मी पिशवी पायामागे सरकवली.

"तुमच्या भावजयीले सांगा," ती म्हणाली, "देलं तवा मागून देलं. मागायचं असन त समोरून ये म्हणा."

मी परत आले आणि जसंच्या तसं सांगितलं. ओसरीवरून भाऊ म्हणाला, "मशीन लावू अन् उपटू, झाड त आपल्या धुऱ्याकडंच झुकलं हाये." वहिनीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. ती त्याला कधी उलट बोललेली मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "तुमी झिंक पाहा." आणि देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन निघाली. भर दुपारी, रस्त्यानं, चार घरच्या बाया दारात उभ्या असताना. मी पिशवी घेऊन मागोमाग.

तिच्या दारात वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "माह्यं वाण मागाले आली वं." धुऱ्यावरचीनं सूप बाजूला ठेवलं आणि उठली. मग वहिनीनं करंडा उघडला. त्या बाईनं कपाळ पुढे केलं नाही, मागेही घेतलं नाही. वहिनीनं बोट टेकवलं. समोरच्या घरातली एक म्हातारी "अगं माय" म्हणाली आणि आत निघून गेली. मी पिशवी पुढे धरली. धुऱ्यावरचीनं सगळे पीस बाहेर काढले, एकेक उलगडून पाहिला, अगदी निवांत, जसं काही आम्हाला दिवसभर वेळ होता. शेवटी पिवळ्यावर हात ठेवला. मग तिघींनी मिळून तो गोडलिंब खणला. मुळं कुठवर गेली होती देव जाणे. माझ्या हाताला फोड आले आणि मी त्या सायल्याला आमच्या भावाच्या शब्दात चार शिव्या दिल्या.

इथे सगळं नीट झालं असं लिहायला मला आवडलं असतं. नाही झालं. पुढच्या संक्रांतीला वहिनीनं धुऱ्यावरचीला हळदीकुंकवाला समोरच्या दारानं बोलावलं, तर काही बाया आल्याच नाहीत. आतल्या ओळीतलं ते झाड काढावं लागलं, त्यानंतर त्याच्या शेजारचंही. पलीकडच्या बगिच्यावाल्यांनी अजून एकाच वेळी फवारायचं कबूल केलेलं नाही. आम्ही मारतो तेव्हा कीड त्यांच्याकडे, ते मारतात तेव्हा आमच्याकडे. शास्त्रज्ञाला विचारलं, बगीचा वाचेल का? तो म्हणतो, नवती आली की बघत राहा. भाऊ आता झिंक म्हणत नाही, पण तोंडावर येतं ते मला दिसतं.

आणि गोडलिंब काही मरत नाही. एखादं मूळ मातीत राहिलं की त्यातून नवा फुटवा येतो. दर महिन्या-पंधरवड्याला धुऱ्यापलीकडून हाक येते. मी गावी असले तर मलाही ऐकू येते. ती आपल्या समोरच्या दारात उभी राहून, सगळ्या गल्लीला कळेल एवढ्या मोठ्यानं ओरडते, "ये वं, तुह्यं वाण उगवलं!"

वहिनी हातातलं काम टाकते, सब्बल उचलते आणि रस्त्यानं जाते.